वरचा डी आणि आईचा घसा

त्या दुपारी माझ्या घशातून एकाच वेळी दोन आवाज निघाले. एक वरचा, बारीक, शिट्टीसारखा. दुसरा त्याच्या खाली, खरखरीत, कुणी फरशीवरून पत्रा ओढत न्यावा तसा. गाणं थांबलं. ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "दीदी, क्या हुआ?"

"काही नाही," मी म्हणाले. पण तेही धड म्हणता आलं नाही. 'काही' ऐकू आलं, 'नाही' म्हणजे नुसती हवा होती.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ड्रमवाल्याच्या ओळखीच्या माणसाचा एक गाळा आहे. आतली मशीन काढून नेल्यापासून तो रिकामा पडला होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आम्ही तिथे प्रॅक्टिस करायचो. बेस वाजवणारा नोकरीसाठी गुजरातेत गेल्यावर आम्ही तिघंच उरलो होतो. ड्रमवाला कापडाच्या कारखान्यात मशीन चालवतो. गिटारवाला तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत वाढला आणि आता पालघरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आणि मी. मी औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते आणि रॉक गाते. हे दुसरं वाक्य नातेवाइकांत कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे ते ओरडतात ते?

हो, तेच. पण ते ओरडणं सुरात लागतं, आणि तीच तर अडचण होती.

आमच्या नव्या गाण्याच्या धृपदात 'ऐक' हा एकच शब्द चार वेळा येतो, आणि चारही वेळा तो वरच्या डीवर, म्हणजे गिटारच्या ए-बी-सी-डी सुरांतल्या उंच डीवर, जाऊन थांबतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. गिटारवाल्यानं चाल बांधली तेव्हा 'ऐक' खालीच होतं. मी एकदा रिक्षात गुणगुणताना ते सहज वर नेलं, मला भारी वाटलं, आणि पुढच्या प्रॅक्टिसला मीच सांगितलं, इथे डी पाहिजे. हळू गुणगुणताना लागणारा सूर आणि पूर्ण ताकदीनं, ड्रमच्या वरून, छातीतून लावायचा सूर यांत किती अंतर असतं ते तेव्हा लक्षात आलं नाही. माझा भरीव आवाज एपर्यंत जायचा. त्याच्या वर बी, मग सी, मग डी. बीवर पोचलं की आवाज तुटायचा आणि एकदम पातळ व्हायचा, शाळेत प्रार्थना म्हणणाऱ्या मुलीसारखा.

मग मी आवाज वर चढवायला घेतला. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो पोटातून ढकला, दुसरा म्हणतो पोटाला हात लावू नका. मला ढकलणारा पटला. संध्याकाळी कामावरून आले की मी चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपलीकडे जायचे, समुद्राकडे तोंड करायचे आणि ए, बी, सी असं चढत ओरडायचे. दोन महिने. कुत्री सवयीची झाली. जाळी विणत बसलेले म्हातारे आधी वळून बघायचे, मग तेही बघेनासे झाले. एकदा सी लागला. मी इतकी खूश झाले की तो लगेच आणखी वीस वेळा लावून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आवाज जाड वाटला. झोपेमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग रोजच तसा वाटू लागला, आणि रोज मी काहीतरी नवं कारण शोधलं. थंड पाणी, पंखा, लॅबमधला वास. त्या सुमारास पालघरच्या एका कॉलेजनं त्यांच्या महोत्सवात वाजवायला बोलावलं. अजून साडेतीन महिने होते. मी आणखी जोरानं ओरडू लागले.

आणि मग गाळ्यातली ती दुपार.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून कोळीम, ती बारीक कोळंबी, निवडत होती. मी काही बोलले नाही तरी तिला कळलं.

"बसला?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"माजासारका नको करू," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागली.

आईचा आवाज घोगरा आहे. आहे म्हणजे तेव्हा होता. ती बोईसरच्या बाजारात मासळी विकते, आणि आमच्याकडे मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज मोठा असतो आणि कधीतरी बसतो, यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण मी लहान असताना तिचा आवाज असा नव्हता. लग्नात हळदीपासून बायका जे धवले गातात ते म्हणायला तिला गावातून बोलावणं यायचं. मांडवाच्या दाराशी बसून ती पहिली ओळ उचलायची आणि बाकीच्या बायका तिच्या मागून यायच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी तिनं ते बंद केलं. आता दुसऱ्यांनी म्हणावं, आमी केवडं म्हनायचा, असं म्हणाली. आम्ही ते खरं मानलं.

तीन दिवस झाले तरी माझा आवाज परत आला नाही. बोललं तर बोचायचं, गिळलं तर काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, आणि काही अडकलंय का हे बघायला मी दर मिनिटाला गिळत होते. लॅबमध्ये काचेच्या दारात माझं गिळणं मलाच दिसायचं. मोबाईलवर लक्षणं वाचली. ती वाचायला नको होती. शेवटी पालघरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला, आणि बोलायला कुणीतरी हवं म्हणून आईला बरोबर घेतलं.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, काय होतंय, आणि मी आईकडे बोट दाखवलं.

आईनं सगळं सांगितलं. अगदी बाजारात भाव सांगावा तसं, न थांबता. "ही गाते. वरडते म्हना. दर्यावर जाऊन वरडली दोन मयने. आता तीन दिस झाले, आवाज फुटत नाय. जेवत नाय नीट. सारखी गिलते."

डॉक्टर लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या आणि आईकडे बघितलं.

"मावशी, आणि तुमचा आवाज असा कधीपासून आहे?"

"माजा? माजा असाच हाय. बाजारात वरडून वरडून बसलाय."

"किती वर्षं?"

"झाली पाच-सा वर्सं."

"मधेमधे बरा होतो? चार दिवस सुट्टी घेतली तर?"

आई विचारात पडली. "पैला व्हायचा. आता नाय होत."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. आधी मला खुर्चीत बसवलं, जीभ कापडात धरून बाहेर ओढली आणि लांब दांडीचा कॅमेरा घशात घातला. "ई म्हणा." मी ई म्हटलं. समोरच्या पडद्यावर माझे स्वरतंतू थरथरत होते, दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींच्या कडेला समोरासमोर तांदळाच्या कणीएवढी सूज. ओरडताना तिथेच त्या एकमेकींवर आपटतात, डॉक्टर म्हणाल्या. या कण्या अजून कोवळ्या आहेत, विश्रांतीनं आणि व्यायामानं जातील. सात दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. मग थेरपी. "गाणं सोडायला लागणार नाही. असं गाणं सोडायला लागेल."

मी सुटकेचा श्वास सोडला, तोच त्या आईकडे वळल्या. "मावशी, बसा तुम्हीपण."

"मी कशाला? मी पोरीला घेऊन आले."

"दोन मिनिटं लागतील."

आई बसली. पदर नीट केला, फोटो काढायला बसावं तशी. पडद्यावर तिचे तंतू दिसले आणि मला समजण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण एका तंतूवर लालसर गाठ होती आणि ती माझ्या कण्यांपेक्षा पुष्कळ मोठी होती. तिच्या कडेला एक पांढुरका डाग होता. डॉक्टरांनी चित्र थांबवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"मिश्री लावता?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "सकालची. एकदा."

मला बोलायची बंदी सुरू झाली होती. मी तीन बोटं वर केली. आईनं डोळे वटारले.

"ही गाठ काढून तपासायला पाठवावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक साधी निघेल. पण नुसतं बघून नक्की सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. पंधरा दिवसांच्या आत करून घ्या."

एसटीनं बोईसरला आलो, तिथून चिंचणीची रिक्षा धरली. पूर्ण रस्ताभर आई माझंच विचारत होती. "तुजा काय बोलली डॉक्टरीन? गानं म्हनता येल ना? त्या कॉलेजात जायाचा हाय तवा?" मी मान हलवत होते. स्वतःच्या घशाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आणि मला हे लिहून टाकलं पाहिजे की त्या रिक्षात, तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली असताना, मी मनात महोत्सवापर्यंतचे आठवडे मोजत होते. सात दिवस गप्प, मग थेरपी, मग किती उरतात. ते लक्षात आलं तेव्हा मोजणं थांबवलं. मी तिचा हात धरला. तिला वाटलं गाडी हादरतेय म्हणून धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी टब घेऊन बाजाराला निघाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पापलेटचा हंगाम होता. बाबा बोटीवरून आले की तिला थांबायला सवड नसते हे मला माहीत होतं, पण डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते आणि त्यातले रोज एकेक जात होते. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी ऑपरेशन', आणि तिच्यासमोर धरलं.

"चस्मा नाय आता," ती म्हणाली.

मी चष्मा आणून दिला. तिनं वाचलं, अक्षर अक्षर लावत, आणि पान घडी करून बाजूला ठेवलं. "सीजन जाऊ दे. मग बगू. पाच वर्सं काय नाय झाला, आता म्हयन्यात काय व्हनार?"

भांडायचं होतं. पण गप्प माणसाला भांडता येत नाही. मी टेबलावर हात आपटला, तिनं तेवढ्यात कांदा चिरायला घेतला. बाबा दाराशी बसून ऐकत होते. ते मुळातच कमी बोलतात. त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, "ती आयकनार हाय का कुनाचा?" आणि बाहेर निघून गेले.

पाचव्या पहाटे ती टब उचलायला वाकली आणि मला रात्रभर डोक्यात घोळत असलेला तो पांढुरका डाग पुन्हा दिसला. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आय, मला भीती वाटते."

माझा आवाज बेडकासारखा आला. पाच दिवसांनी निघालेला पहिला आवाज. आईनं टब सोडला आणि हात तसाच, मासळीच्या पाण्यानं ओला, माझ्या तोंडावर दाबला.

"गप! डॉक्टरीन काय बोलली व्हती? एक सबूद नाय बोलायचा!"

मला वाटलं रागावली. मग ती खाली बसली, टबाच्या कडेला, आणि म्हणाली, "मला नाय वाटत का?"

पदराला हात पुसत तिनं विचारलं, "कवा जायाचा?"

ऑपरेशन वापीला झालं. आमच्या भागातले लोक मोठ्या इलाजाला तिकडेच जातात. बाबा बरोबर आले, पिशवी धरून बसले, आणि तिला आत नेल्यावर ती पिशवी खाली ठेवायचंच विसरले. दीड तास ती त्यांच्या मांडीवर होती. माझा आठवडा संपला होता, मला हळूहळू बोलायची परवानगी मिळाली होती. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं की गाठ नीट निघाली, तपासणीला पाठवली आहे, आणि आता मावशींनी आठवडाभर गप्प राहायचं.

मग घरात एक गंमत झाली. आई गप्प, मी निम्मी गप्प, आणि बाबा बोलायला लागले. इतकी वर्षं दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस संध्याकाळी आईच्या खाटेशी बसून सांगत सुटायचा. कुठल्या बोटीचं इंजिन बंद पडलं, पाणी कुठे गढूळ होतं, लहानपणी त्यांनी कुठल्या काकाचं जाळं चोरलं होतं. शांतता त्यांना सहन होत नव्हती. आई डोळ्यांनी हसायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. मोबाईल वाजला की वाटायचं, रिपोर्ट आला.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. मी एकटीच वापीला गेले. कागद इंग्रजीत होता आणि मी केमिस्ट असूनही मला एक ओळ धड वाचता येईना. मी एकच शब्द शोधत होते आणि तो नसावा म्हणून डोळे पुढे पुढे पळत होते. बाकावर बसून तीनदा वाचला. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. तरी मी आत जाऊन सर्जनला म्हटलं, "तुम्ही तोंडानं सांगा." ते हसले आणि म्हणाले, साधी गाठ. पांढरा डागही साधाच निघाला. पण मिश्री बंद, आणि दर काही महिन्यांनी कॅमेरा.

बाहेर येऊन घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आय, साधी होती. काही नाही त्यात."

ती बोलणार नव्हतीच, तिला बंदी होती. श्वास ऐकू येत होता. मग तिनं बांगड्या मोबाईलवर वाजवल्या, दोनदा. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, आणि एका रसवंतीवाल्यानं न विचारता मला पाण्याचा ग्लास दिला.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही दोघी पालघरला थेरपिस्टकडे जाऊ लागलो. तो तरुण होता, फार हळू बोलायचा, आणि स्वतः अजिबात गात नव्हता. त्यानं आम्हाला एकेक ग्लास पाणी आणि एकेक स्ट्रॉ दिली. स्ट्रॉ पाण्यात बुडवायची आणि तोंडानं सूर काढत बुडबुडे आणायचे. मग ओठ सैल सोडून थरथरवत खालून वर, वरून खाली जायचं. आईला पहिल्यांदा इतकं हसू आलं की तिच्या नाकातून पाणी आलं. "घोड्यावानी करायचा?" तिनं विचारलं. पण ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिला कुठे पोचायचं नव्हतं, म्हणून असेल.

मला त्यानं माझं गाणं मोबाईलवर ऐकवायला सांगितलं. धृपद आलं तेव्हा त्यानं तोंड वेडंवाकडं केलं, बहुधा नकळत. मग म्हणाला, "हा डी आता हळू म्हणून दाखवा. अगदी हळू. बाळ झोपलंय समजा."

मी म्हटला. बारीक, पण स्वच्छ लागला.

"म्हणजे सूर आहे तुमच्याकडे. खालचं सगळं वजन तुम्ही तिथे घेऊन जाताय. आता उलट करू. वरून हलका सुरू करा आणि खाली येताना थोडं थोडं वजन घाला. आणि 'ऐ' इतकं दाबून म्हणू नका. वर गेल्यावर तोंड उघडा, जरा 'अ'कडे झुकू द्या. ऐकणाऱ्याला 'ऐक'च ऐकू येईल."

असं वाटतं की हे कळल्यावर पुढचं सोपं झालं असेल. तसं झालं नाही. ताकद लावायची नाही हे डोक्याला कळलं होतं, घशाला नव्हतं. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, अशी सक्त ताकीद होती, आणि उरलेला दिवस मी त्या वीस मिनिटांच्या धास्तीत काढायचे. आज लागेल का? काल लागला तो खरा होता का? जरा खवखवलं की वाटायचं, कण्या परत आल्या. आणि भीती वाटली की मान आखडायची, मान आखडली की सूर तुटायचा, सूर तुटला की आणखी भीती. मी मोबाईलवर रोजचं रेकॉर्डिंग ठेवायचे आणि बोईसरच्या रिक्षात कानात घालून आदल्या दिवसाशी ताडून बघायचे. थेरपिस्टला कळलं तेव्हा त्यानं ते बंद करायला लावलं. मी बंद केलं असं त्याला सांगितलं.

तीन आठवड्यांनी बी सरळ लागला. तुटला नाही, पातळही झाला नाही. नंतर सी येऊ-जाऊ लागला. सहा आठवड्यांनी पुन्हा कॅमेरा घातला तेव्हा एका बाजूची कणी जवळजवळ गेली होती, दुसरी पुसट झाली होती. डी मात्र हलक्या आवाजातच राहिला. त्याच्यात वजन घालायला गेले की मला ती गाळ्यातली दुपार आठवायची आणि घसा बंद व्हायचा.

प्रॅक्टिस पुन्हा सुरू झाली. दोन वेळा डी टाळून गायलं. तिसऱ्या वेळी गिटारवाल्यानं गिटारच्या खुंट्या पिळत, माझ्याकडे न बघता म्हटलं, "गाणं एक टोन खाली घेऊ या का? तुझा सी चांगला लागतोय."

"म्हणजे मला जमणार नाही असं म्हणायचंय तुला."

"तसं नाही. महोत्सवाला तीन आठवडे राहिलेत."

"गाणं आहे त्या पट्टीतच होईल," मी म्हटलं आणि बॅग उचलून निघाले. दोन दिवस त्याच्या मेसेजला उत्तर दिलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला दाराबाहेर पडायच्या आधीच कळलं होतं. पण मी त्या एका सुरासाठी घसा बिघडवून घेतला होता, आणि तो सूरच गाण्यातून गेला तर मी नक्की काय केलं, असं मला वाटत होतं.

त्या रविवारी आम्ही दोघी ओट्यावर बसून बुडबुडे काढत होतो. आईनं स्ट्रॉ बाजूला घेतली.

"तो तुजा गितारवाला फोन करतो, तू का नाय उचलत?"

मी सांगितलं.

"खाली घेतला तर लोकांना कलतं?"

"नाही. कसं कळणार? त्यांनी ते आधी ऐकलंच नाही."

"मग?"

ती पुन्हा बुडबुडे काढायला लागली. मी गिटारवाल्याला मेसेज केला: एक टोन खाली. त्यानं फक्त अंगठा पाठवला. पुढच्या प्रॅक्टिसला त्यानं काहीच झालं नाही असं वाजवलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मधल्या काळात शेजारी हळद होती. बायकांनी आईला हाक मारली. ती आधी नको म्हणाली, मग गेली, आणि पुढे न बसता मागच्या रांगेत बसून बाकीच्यांबरोबर ओळ उचलत राहिली. तिचा आवाज आता घोगरा नव्हता, पण पूर्वीचाही नव्हता. खालचा होता, जाडसर. एका ठिकाणी ओळ वर चढली तिथे ती थांबली आणि बाकीच्या चढून खाली आल्यावर पुन्हा त्यांच्यात मिसळली. मी दारातून बघत होते. तिच्या चेहऱ्यावर मला काही शोधायचं होतं, पण ती पुढच्या बाईच्या केसातलं फूल सरळ करत होती.

महोत्सव दुपारी होता, कॉलेजच्या मैदानावर. सकाळपासून मला काही खाता आलं नाही. स्टेजच्या मागे मी ओठ थरथरवत फिरत होते आणि दोन मुली माझ्याकडे बघून हसत होत्या. आई दुसऱ्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून. बोळे स्टेजवरूनही दिसत होते.

नवं गाणं शेवटी होतं. पहिलं धृपद आलं, मी हलकी वर गेले, तोंड उघडलं, सी लागला. भरीव. मला स्वतःलाच धक्का बसला. दुसरा त्याच्याहून चांगला लागला. तिसऱ्याच्या आधी मी चूक केली: मी ऐकायला लागले. आता लागेल का, असा विचार आला आणि खालचं वजन आपोआप उचललं गेलं. सूर मधेच चिरला. अर्धा क्षण असेल. गिटारवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि वाजवत राहिला. ड्रमवाल्यानं उलट जास्त जोरात मारलं, मला झाकायला. चौथा मी हलक्या आवाजात घेतला, पातळ, शाळकरी. मला आधी ज्याची लाज वाटायची तोच. मैदानावरची पोरं तेव्हाही ओरडत होती. त्यांना काही कळलं असं वाटलं नाही, किंवा कळलं तरी चाललं.

उतरल्यावर मी पाणी प्यायले, गिळून बघितलं, पुन्हा गिळून बघितलं. बोचत नव्हतं.

घरी परतताना मनोरकडे जाणारी मोठी वाहनं रस्त्यावर अडकली होती म्हणून आमची रिक्षा थांबत थांबत चालली होती. आईनं कानातले बोळे काढून रुमालात बांधले.

"गला दुकतो का?"

"नाही."

"खरा सांग."

"खरंच नाही. तिसऱ्या वेळी चिरला पण."

"मला नाय कलला." रुमालाची गाठ दाखवत ती म्हणाली, "कानात कापूस व्हता."

मला हसू आलं. तीही हसली, आणि हसताना तिला खोकला आला तेव्हा माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं हातानं खूण केली, काय नाय, धूल गेली. मग तिनं विचारलं, पुढचं गाणं कधी बांधणार, आणि वर म्हणाली, त्यात एवडा वरती नको ठेवू.

"बघू," मी म्हटलं.

"बगू नको. नको ठेवू."

थेरपिस्टनं सांगितलं होतं की गाऊन झाल्यावर तासभर कमी बोलायचं. मी मान हलवली आणि पाण्याची बाटली आधी तिच्या हातात दिली.